तीन डब्यांची चरबी

कल्पना करा, सकाळचे सात वाजलेत. तुमच्यासमोर विटांच्या बुटक्या चुलीवर एक लोखंडी कढई आहे, एवढी रुंद की दोन्ही हात पसरले तर जेमतेम तिच्या दोन्ही कड्या धरता येतील. कढईत वीस किलो चरबी आहे, सुपारीएवढे तुकडे केलेली, आणि तळाशी दोन तांबे पाणी. खाली मंद जाळ. तुमच्या हातात लांब दांड्याचं लाकडी उलथनं आहे आणि तुमचं काम एकच आहे: कढई नेमक्या वेळी उतरवायची.

लवकर उतरवलीत तर चरबीत पाणी राहील. तिची मेणबत्ती तडतडेल, थुंकेल, आणि डबा आठवड्याभरात बुरसेल. उशिरा उतरवलीत तर तळाचे तुकडे करपतील आणि सगळी चरबी चहाच्या रंगाची होईल. मग ती साबणाशिवाय कशाच्याच कामाची नाही. तुमच्याकडे तापमापी नाही. वाफेमुळे आतलं धड दिसतही नाही. मग कळायचं कसं?

कानाने. आधी पाणी खळखळतं. पाणी आटत आलं की तडतड सुरू होते, जणू कुणी पत्र्यावर वाळू टाकतंय. ही तडतड बराच वेळ चालते, आणि मग हळूहळू विरळ होत एकदम थांबते. त्यानंतर जो आवाज उरतो तो पातळ कागद हातात चुरगळल्यासारखा असतो. तो ऐकू आला की उतरवा. कढई खाली ठेवेपर्यंत दहा श्वासांपेक्षा जास्त वेळ गेला तर चुकलात.

सगळे ज्यांना कढईकाकू म्हणतात, त्यांना हा आवाज शेजारच्या गल्लीत भांडण चालू असतानाही ऐकू येतो. एकदा तर त्या स्वतःच त्या भांडणात होत्या, आणि ऐन वाक्याच्या मध्यावर "थांब, माझी चरबी झाली," असं म्हणून आत निघून गेल्या. समोरची बाई तोंड उघडं ठेवून उभीच राहिली. काकू कढई उतरवून परत आल्या आणि जिथे सोडलं होतं तिथूनच भांडण पुढे चालू केलं.

काकूंचं वय अठ्ठावन्न. खाटकाच्या दुकानामागे पत्र्याची एक लांबट शेड आहे, तीत त्या तीस वर्षं चरबी कढवतात. हे काम त्यांना सासूबाईंनी शिकवलं. सासूबाईंना शिकवायला शब्द लागत नसत. चुकलं की त्या उलथन्याचा दांडा चुलीच्या कडेवर आपटायच्या, आणि काकूंनी ओळखायचं की काय चुकलं. नवरा मालवाहू गाडी चालवायचा. तो जाऊन बारा वर्षं झाली. आता घरात मुलगा, सून आणि काकू. मुलगा बापाचीच गाडी चालवतो आणि बहुतेक दिवस बाहेरगावी असतो. सून शाळेत शिकवते आणि शेडच्या दाराच्या आत पाऊल टाकत नाही. काही सांगायचं असलं तर ती ओढणी नाकाशी धरून दारातूनच सांगते.

शेडच्या भिंतीला टेकून तीन डबे असतात. निळ्या झाकणाचा डबा खाण्याचा. गुर्द्याभोवती जी कोरडी, ठिसूळ, चुऱ्यासारखी सुटणारी चरबी असते ती यात जाते, तीही ताजी असेल तरच. गल्लीच्या टोकाला एक बेकरी आहे. तिथली बेकरीवाली ही चरबी पिठात चोळते, आणि त्या पिठाच्या पाऱ्या लाटून, सारण भरून भाजते. भट्टीतून काढल्यावर पारीला बोट लावलं की पदर सुटतात. बटाटेही ती याच चरबीत तळते. तेलात तळलेला बटाटा थोड्या वेळात मऊ पडतो. चरबीतला घरी नेईपर्यंत कुरकुरीत राहतो, म्हणून बेकरीसमोर दुपारी चारला रांग लागते.

लाल झाकणाचा डबा मेणबत्तीचा. त्यात कडक चरबी हवी, नखाने ओरखडा काढला तर पांढरी पूड पडेल अशी. मऊ चरबीची मेणबत्ती उन्हाळ्यात वाकून नमस्कार करते. तिसऱ्या डब्याला झाकणच नाही, वर एक जुनं ताट ठेवलेलं असतं. हा साबणाचा. पिवळी, मऊ, जरा जुनी, काठावरची, जे काही उरेल ते सगळं यात. साबणवाले अण्णा त्याचं काय करतात ते पुढे येईलच. एवढं सांगायला हवं की साबणाला जुनी चरबी चालते, मेणबत्तीलाही चालते. खाण्याला मात्र चालत नाही. त्यामुळे काकूंच्या कामातला सगळा मान निळ्या डब्यात आहे. तो डबा नुसत्या शब्दावर जातो. काकूंनी "चांगली आहे" म्हटलं की बेकरीवाली झाकण उघडूनही बघत नसे.

आणि काकू ते म्हणायच्या नाकाने. गाळलेल्या चरबीचा एक थेंब डाव्या तळहातावर घ्यायचा, उजव्या अंगठ्याने तो ऊब येईपर्यंत चोळायचा, डोळे मिटून दोनदा हुंगायचं. ताज्या चरबीला त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वाळल्या गवताचा वास असतो. म्हाताऱ्या मेंढ्याची असेल तर ओल्या लोकरीचा. जुनी व्हायला लागली की बंद पेटीतल्या नाण्यांचा. एकदा त्यांनी खाटकाला विचारलं होतं की हा मेंढा नदीकाठचा का, याच्या चरबीला रानकांद्याचा वास येतोय. खाटकाने चौकशी केली तर तो खरंच नदीकाठचा निघाला. तेव्हापासून तो सांगत सुटला की काकूंना मेंढ्याचा पत्ता कळतो, फक्त घर क्रमांक सांगत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात काकूंना आठ दिवस ताप आला. नवव्या दिवशी सुनेने चहा दिला तर त्यांना वाटलं हिने नुसतं गरम पाणीच दिलंय. तसं त्या बोलूनही गेल्या. सुनेने दुसऱ्या कपात जास्त आलं घातलं. तेही तसंच लागलं. दहाव्या दिवशी त्या शेडमध्ये गेल्या, कढई चढवली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कढईवर उभं राहून कसलाच वास आला नाही. धुराचा नाही, चरबीचा नाही, स्वतःच्या पदराचाही नाही. कान शाबूत होते. आवाज ऐकून त्यांनी कढई वेळेवर उतरवली. मग तळहातावर थेंब घेतला, चोळला, हुंगला. परत हुंगला. मग त्यांनी तो पदराला पुसला आणि शेडचं दार लावून घेतलं.

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. चार दिवसांत येईल परत, असं स्वतःला समजावलं. चार दिवसांचे चाळीस झाले. खाटकाकडून रोज ताजा माल येत होता, त्यामुळे निळ्या डब्यात चुकीचं काही जाण्याची भीती फारशी नव्हती. त्या डोळ्यांनी आणि नखाने काम चालवत राहिल्या. पांढरी असेल, कडक असेल, थंड बशीवर टाकल्यावर कड्कन तडकत असेल तर चांगली. ऐकायला हे बरोबरच वाटतं. पण त्यात एक खोट होती.

एका रविवारी खाटकाचं शीतपेटीचं यंत्र बंद पडलं. सोमवारी दुकान बंद असतं. मंगळवारी सकाळी त्याने दोन दिवसांची चरबी पाठवली आणि निरोप दिला की जरा बघून घ्या. काकूंनी बघूनच घेतली. त्यांना शंका होती, म्हणून त्यांनी नेहमीपेक्षा जास्त मेहनत घेतली. कढवून गाळलेली चरबी मिठाच्या पाण्यात पुन्हा उकळली, गार केली, खालचा गाळ खरवडला, परत उकळली. तीन वेळा. मिठाचं पाणी रक्ताचे कण, मांसाचे धागे, रंग सगळं ओढून घेतं. तिसऱ्या वेळी चरबी बाहेर आली ती दुधासारखी पांढरीशुभ्र. कडक इतकी की बशीवर तडकल्याचा आवाज दारापर्यंत गेला. वर्षभरात एवढी देखणी चरबी झाली नव्हती. काकूंनी ती निळ्या डब्यात भरली.

गोची अशी की चरबी जेव्हा बिघडते तेव्हा तिचे बारीक कण आपापले जोड सोडून मोकळे होतात. हे मोकळे झालेले भाग मिठाच्या पाण्यात विरघळत नाहीत. तीन वेळा धुवा नाही तर तीस वेळा धुवा, ते चरबीतच राहतात. धुतल्याने जातं ते फक्त डोळ्याला दिसणारं. नाक असतं तर काकूंनी पहिल्याच थेंबाला ओळखलं असतं.

बुधवारी सकाळी नऊला बेकरीवाली शेडच्या दारात आली. वयाने ती काकूंच्या सुनेएवढी. बेकरी तिला वडिलांकडून मिळाली, आणि काकूंचा डबाही त्यांच्याच वेळेपासून येतो. तिच्या हातात भाजलेली एक पारी होती, फडक्यात गुंडाळलेली. तिने ती काकूंसमोर धरली. काकूंनी हातात घेतली, पदर सोडवून बघितले, रंग बघितला. म्हणाल्या, छान फुललीये. बेकरीवालीने त्यांच्याकडे असं बघितलं की काकूंना कळलं. त्या खाली बसल्या.

"काकू, हिचा वास दुकानाबाहेर येतोय. तुम्हाला हातात धरून येत नाहीये?"

मग काकूंनी सांगून टाकलं. तापापासूनचं सगळं. बेकरीवाली त्यांच्याशेजारी पाटावर बसली, पिठाचे हात मांडीवर ठेवून. ती रागावली नाही, आणि काकूंना तेच जास्त लागलं. ती म्हणाली की आज सकाळचा सगळा माल टाकावा लागला, उद्यासाठी तिने कारखान्यातून येणाऱ्या घट्ट तेलाचा डबा आणला आहे. त्याची पारी फुलत नाही, पण त्याला वासही नाही. महिनाअखेरपर्यंत ती त्यावर चालवेल. तोवर काकूंना चरबी ओळखता आली तर डबा परत चालू. नाही तर कारखान्याशी कायमचं ठरवून टाकावं लागेल.

"आणि एक," ती उठताना म्हणाली, "दुसऱ्या कुणाचं नाक लावून डबा पाठवू नका. मी तुमच्या शब्दावर घेते. तुम्हालाच कळलं पाहिजे."

तरी काकूंनी आधी उसनी नाकंच शोधली. माणूस काय करेल? सुनेला दारात बोलावून तीन वाट्या पुढे केल्या. तिने ओढणीतूनच सांगितलं की तिन्ही घाण येतात. काकूंनी विचारलं, कोणती जास्त? ती म्हणाली, "आई, मला यात डावं-उजवं नाही कळत. माझ्यासाठी ही तिन्ही एकाच वर्गात नापास आहेत." पत्र आणणाऱ्या पोस्टमनने एक वाटी हुंगली आणि हे पायाला लावायचं का असं विचारलं. खाटीक चांगला माणूस, पण सकाळपासून रात्रीपर्यंत मांसातच. त्याला सगळ्याच वाट्या ताज्या वाटल्या.

शेवटी त्या साबणवाल्या अण्णांकडे गेल्या. अण्णा सत्तरीचे, काकूंच्या नवऱ्याचे मित्र, दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं साबणाचं काम. चरबी वितळवायची, तीत कॉस्टिक सोड्याचं पाणी धार धरून ओतायचं आणि लाकडी वल्ह्याने ढवळत राहायचं. सुरुवातीला चरबी आणि पाणी एकमेकांशी बोलत नाहीत. मग मिश्रण खिरीसारखं दाट व्हायला लागतं, वल्ह्याची रेघ वर राहते, आणि साचे भरायची वेळ होते. अण्णा तोंडाने तिखट. तीस वर्षं ते काकूंना एकच टोमणा मारत आले होते की तुमच्या तिसऱ्या डब्यात तुम्ही मला जगाचं उरलंसुरलं पाठवता आणि वर वहिनी म्हणवून घेता.

काकूंनी वाट्या पुढे केल्या. अण्णा वाट्यांकडे बघून हसायला लागले.

"वहिनी, तुम्ही आंधळ्याकडे रस्ता विचारायला आलात. कॉस्टिकच्या वाफेने माझं नाक जाऊन वीस वर्षं झाली."

काकूंचा विश्वास बसेना. मग तुम्ही दर वेळी मला कसं सांगता, त्यांनी विचारलं, की या वेळी माल फारच जुना पाठवलात म्हणून? मी तर समजत होते तुम्ही हुंगता.

अण्णांनी त्यांना घमेल्यापाशी नेलं. जुनी चरबी घाई करते, ते म्हणाले. ताज्या चरबीला दाट व्हायला वल्हं मारून मारून खांदा उतरतो. जुनी असली की कॉस्टिकचं पाणी पडताक्षणी ती साबण व्हायला धावते, कधी कधी तर साचे भरायच्या आधीच घमेल्यात गोळा होऊन बसते. किती घाई करते त्यावरून तिचं वय कळतं. अण्णांना हे इतकं साधं वाटत होतं की वीस वर्षांत त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

रसायनशास्त्राच्या पुस्तकात हेच वेगळ्या शब्दांत लिहिलेलं असतं. चरबीचे जे भाग आधीच मोकळे झालेत ते सोड्याला लगेच मिळतात आणि त्यांचा साबण होतो. जे अजून जोडलेले आहेत त्यांना आधी तोडावं लागतं, म्हणून वेळ लागतो. प्रयोगशाळेत यासाठी काचेची नळी, थेंब मोजायची तोटी आणि गुलाबी होणारा द्रव लागतो. काकूंनी घरी येऊन औषधाची एक रिकामी बाटली घासून घेतली.

पहिले चार दिवस वाया गेले. त्यांनी अण्णांकडूनच कॉस्टिकचं पातळ पाणी आणलं होतं. गरम चरबी दोन चमचे, कॉस्टिकचं पाणी चार चमचे, झाकण लावायचं आणि हलवायचं. पण कॉस्टिक जबरदस्त. जुनी चरबी फेसाळायची, आणि जरा जास्त हलवलं की ताजीही फेसाळायची. दोघींत फरकच राहीना. शिवाय बोटांची सालं निघाली. सून दारातून ओरडली नाही, पण हातमोज्यांची एक जोडी उंबऱ्यावर ठेवून गेली. पाचव्या दिवशी काकूंना वाटलं की तोडणारं नको, नुसतं मोकळं झालेलं वेचणारं काहीतरी हवं. कपडे भिजवताना त्यांचा हात धुण्याच्या सोड्याच्या डब्यावर थांबला. हा सोडा कॉस्टिकपेक्षा मवाळ. चांगल्या चरबीला तो काही करत नाही, पण मोकळ्या झालेल्या भागाला लगेच पकडतो. पहिल्याच बाटलीत ताज्या चरबीचा फेस उठला आणि लगेच बसला, खाली पाणी जवळजवळ स्वच्छ. जुनीचं पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि फेस बाटलीच्या गळ्यापर्यंत जाऊन तिथेच बसून राहिला.

मला काकूंबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. फरक दिसला म्हणून कुणीही खूश होऊन थांबलं असतं. काकूंना मात्र मधलं हवं होतं. ताजी आणि सडकी कुणीही ओळखेल, त्या म्हणाल्या, मला बिघडायला लागलेली ओळखायचीये. त्यांनी खाटकाकडून एकाच मेंढ्याच्या गुर्द्याभोवतीची चरबी आणली, तिचे दहा सारखे तुकडे केले आणि शेडमध्ये दोरीला टांगले. रोज एक तुकडा पळीत वितळवायचा, गाळायचा, बाटलीत घालायचा. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून, वीस वेळा हलवून, फेस किती वेळ टिकतो ते आकडे मोजून बघायचं. पहिल्या दिवशी फेस नऊ म्हणेपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी चौदा. तिसऱ्या दिवशी एकतीस. सहाव्या दिवशी काकू दोनशेपर्यंत मोजून कंटाळल्या. आकडे त्यांनी खडूने पत्र्याच्या भिंतीवर लिहिले, एकाखाली एक.

त्या दोरीबद्दल घरात काय झालं ते थोडक्यात सांगतो. सातव्या दिवशी मुलगा बाहेरगावाहून आला आणि जेवायच्या आधी त्याने घरभर मेलेला उंदीर शोधला. सुनेने त्याला शेडकडे बोट दाखवलं. आईचा प्रयोग चालू आहे, ती म्हणाली, अजून तीन दिवस आहेत, तोपर्यंत तुम्ही गाडीत जेवा. काकूंना अर्थातच काही कळत नव्हतं. त्या दोरीखाली बसून निवांत आकडे मोजत होत्या.

महिनाअखेरीला चार दिवस उरले असताना त्यांनी बेकरीवालीला निरोप पाठवला. ती आली ती सहा वाट्या घेऊन. तिने परस्पर खाटकाकडून वेगवेगळ्या दिवसांची चरबी घेऊन, आपल्या स्वयंपाकघरात कढवून, गाळून आणली होती आणि वाट्यांच्या तळाशी खूण केली होती. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या कडक. दिसायला सहा बहिणी. काकूंनी बाटली काढली. एकेका वाटीतली थोडी चरबी वितळवायची, चार चमचे सोड्याचं गरम पाणी, वीस वेळा हलवायचं, मोजायचं. मध्येच अण्णा आले आणि दाराशी टेकून उभे राहिले. सूनही आली, आणि ओढणी नाकाशी धरून पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

काकूंनी तीन वाट्या एका बाजूला ठेवल्या, तीन दुसऱ्या. या खाण्याच्या, या नाहीत. बेकरीवालीने वाट्या उलट्या केल्या. पाच बरोबर होत्या. चौथी मात्र चुकली असं ती म्हणाली. चौथी काकूंनी नापास केली होती, आणि ती तर दोनच दिवसांची होती. बेकरीवालीने ती स्वतः दोनदा हुंगली होती. तिला वाळल्या गवतासारखा वास येत होता, अगदी काकू म्हणतात तसाच. तिने पुन्हा हुंगून खात्री केली, मग वाटी सुनेकडे धरली. सुनेने धीर करून हुंगली आणि म्हणाली की आज पहिल्यांदा मला हिचा त्रास होत नाहीये.

काकूंनी मान हलवली. "फेस चव्वेचाळीसपर्यंत टिकला. ही मी देणार नाही."

अण्णा दारातून म्हणाले की वहिनी, जरा नमतं घ्या, सहापैकी पाच म्हणजे पोरगी डबा चालू करतेय. बेकरीवालीही तेच म्हणाली. पण काकू ऐकेनात. नाकाने बोलायचं तर तुझं खरं, त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे नाक नाहीच, तर मी तुझ्या नाकाचं कसं ऐकू?

बेकरीवालीने चौथी वाटी परत हातात घेतली. मग तिने एक गोष्ट केली जी तिलाच सुचू शकत होती, कारण ती रोज बटाटे तळते. तिने काकूंच्या चुलीवर दोन पळ्या ठेवल्या, एकीत काकूंनी पास केलेल्या दुसऱ्या वाटीची चरबी, एकीत चौथीची, आणि खाली सारखा जाळ. सगळे वाकून बघत राहिले. थोड्या वेळाने चौथीच्या पळीच्या काठावर निळसर धुराची एक बारीक रेघ उठली. दुसरी पळी अजून शांत होती. तिला धूर यायला आणखी बराच वेळ लागला. मोकळे झालेले भाग आधी जळतात, म्हणून बिघडत चाललेली चरबी लवकर धुरते. मग ती नाकाला कितीही गवतासारखी वाटो.

बेकरीवालीने पळी उतरवली. डबा उद्यापासून चालू, ती म्हणाली. कारखान्याला ती संध्याकाळीच कळवेल. अण्णा म्हणाले की आता निळ्या डब्यातून वगळलेलं सगळं माझ्याच गळ्यात येणार, म्हणजे वहिनींचं नाक गेल्याचा भुर्दंड मलाच. सून हसली, आणि तेवढ्यात ओढणी खाली गेल्याचं लक्षात येऊन परत वर घेतली.

आता रोज सकाळी शेडमध्ये कढई उतरली की काकू तळहातावर थेंब घेत नाहीत, बाटली हलवतात. तीसच्या आत फेस गेला तर निळा डबा. नाही तर चरबी कडक असेल तर लाल, मऊ असेल तर ताटाखालचा. बाटलीला सगळंच कळतं असं नाही. चरबी हवेनेही बिघडते, आणि ते या फेसात नीटसं दिसत नाही, म्हणून काकू डबे काठोकाठ भरतात आणि अंधारात ठेवतात. मेंढा म्हातारा होता का, नदीकाठचा होता का, हेही बाटली सांगत नाही. खाटकाला त्याचं वाईट वाटतं. काकूंना नाही.

काकूंना वेगळ्याच गोष्टीने घेरलंय. त्या दिवशी निघता निघता बेकरीवाली सहज बोलून गेली की वडिलांच्या वेळेपासून, वर्षातून काही दिवस, निळ्या डब्यातली चरबी कढईत उगीचच लवकर धुरायची. ती तेव्हा शेगडीला नावं ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी अण्णांना विचारलं, नंतर सुनेला, मग खाटकाला, आणि हे लिहायला बसलो तेव्हा मलाही. नाकाला कळायच्या आधीच फेस सांगतो, एवढं त्या चौथ्या वाटीने दाखवलंच आहे. मग, त्या विचारतात, तीस वर्षं, नाक चांगलं शाबूत असताना, डोळे मिटून दोनदा हुंगून मी ज्या ज्या डब्यावर हात ठेवून चांगली आहे म्हटलं, त्यातले किती डबे तेव्हाच बिघडायला लागलेले होते?